खरी मापं

११ फेब्रुवारी

ती. मावशीस,

वाकून नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण माझं वाकणं कुठपर्यंत पोचतं ते तुला ठाऊक आहे. तेव्हा उभ्यानेच.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितेय. मार्चच्या बारा तारखेला माझं ऑपरेशन आहे. आजार असा नाही. वजन कमी करायचं ऑपरेशन. जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी पिशवी ठेवतात. मग माणसाला फार खाताच येत नाही.

आता चष्मा काढून ठेवू नकोस, पुढे वाच.

गेल्या महिन्यात माझ्या मोठ्या माणसांच्या पोहण्याच्या वर्गातल्या पोस्टमनच्या पायात गोळा आला, तेही खोल पाण्यात. मी उडी मारली, त्याला उताणा केला, काठाला आणला. पाण्यात मी कशी असते ते तुला माहीत आहे. तिथे माझं वजन कुणाला कळत नाही, मलासुद्धा नाही. पण त्याला वर चढवल्यावर मला स्वतःला चढता येईना. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गुडघ्यांनी मान टाकली. शेवटी तिघांनी मला ओढून काढलं, आणि त्या तिघांत खोकत खोकत पोस्टमनही होता! सगळे हसले. मीही हसले. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन अर्धा तास टॉवेल डोक्यावर घेऊन बसले.

साखर वाढलीय. झोपताना नाकाला यंत्र लावावं लागतं. वजन एकशे सव्वीस. मी त्रेचाळीसची आहे, मावशी. आई गेली त्या वयाला आठ वर्षं उरलीत.

पोहायचा नवा कॉस्च्युम शिवायला घेऊ नकोस. दुकानात माझ्या मापाचा मिळत नाही म्हणून बावीस वर्षं तू शिवते आहेस. या वेळी थांब. पुढचं माप काय असेल ते देव जाणे आणि डॉक्टर जाणे.

तुझी,
ढब्बू


१९ फेब्रुवारी

प्रिय ढब्बूस,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचल्यावरही तेच लिहिलेलं होतं.

अगं, शरीर म्हणजे काय झगा आहे, कापून लहान करायला? चांगलं धडधाकट पोट, त्यात सुरी घालायची? खाणं कमी कर. चाल. चार जिने चढ. तुझ्या वयाची असताना मी उभ्या उभ्या जेवायचे आणि कारखान्यात दहा तास मशीन मारायचे. त्या खडखडाटात कान गेले, पण पोट जागेवर आहे.

तुला पाण्यात बघितलंय मी. काठावर उभी असतेस तेव्हा लोक एकमेकांना कोपराने ढोसतात, आणि तू पाण्यात शिरलीस की त्यांची तोंडं उघडी राहतात. एवढी डौलदार बाई मी दुसरी बघितली नाही. तिला कापून काय मिळवणार आहेस?

मला विचारते आहेस का? मग माझं उत्तर 'नको'. विचारत नसलीस तर कळवलंस कशाला?

मावशी

ता. क. हॉस्पिटलात कितव्या मजल्यावर? सोबत कोण असणार आहे? तुझ्या त्या कामावरच्या मैत्रिणींवर माझा भरवसा नाही.


२८ मार्च

ती. मावशीस,

नमस्कार अजून उभ्यानेच. पोटावर पाच भोकं आहेत, वाकलं की पाचही आठवण करून देतात.

तू आलीस. मी डोळे उघडले तर तू खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन, जशी काही बसस्टॉपवर बसली आहेस. नऊ तासांचा प्रवास करून आलीस आणि तीन दिवसांत दहा वाक्यंही बोलली नाहीस. हॉस्पिटलच्या गाऊनचे तुटलेले बंद तेवढे शिवलेस. शेजारच्या पलंगावरच्या आजींचेही शिवलेस. नर्स मला म्हणाली, "तुमच्या आई फार शांत आहेत हो." मी दुरुस्त केलं नाही.

मला घरी आणलंस, दोन दिवस राहिलीस आणि गेलीस. जाताना फक्त म्हणालीस, "सावकाश पी."

सावकाशच पितेय. एक वाटी पातळ सूप प्यायला पाऊण तास लागतो. चार चमच्यांनंतर पोट म्हणतं, बास. त्रेचाळीस वर्षांत हा शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला. सकाळी रडू आलं, कारण शेजारणीकडे कांदा परतत होता. भूक नव्हती गं. नुसताच वास आला आणि वाटलं, एक जुनी मैत्रीण गाव सोडून गेली.

एक विचारू? नर्स म्हणाली, मी आत असताना तू जिन्यात भिंतीकडे तोंड करून रडत होतीस. तुला नको होतं हे मला माहीत होतं, पण एवढं?

ढब्बू


९ एप्रिल

प्रिय ढब्बूस,

त्या नर्सला स्वतःची कामं नाहीत वाटतं.

बरं, आता विचारलंच आहेस तर ऐक. तुझ्या आईचे कपडे मीच शिवायची. तिचं लग्न झालं तेव्हापासून. आम्ही शिंपी शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडतो, त्याला 'माया' म्हणतात. पुढेमागे कपडा सैल करायचा झाला तर उपयोगी पडते. इतरांच्या कपड्यांत मी एक इंच माया ठेवायची, ताईच्या कपड्यांत तीन इंच. दर वर्षी ती यायची, हसत हसत म्हणायची, "आटला गं कपडा." मीही म्हणायची, "धुण्याचा दोष." आणि शिवण उसवून सैल करून द्यायची. जिना चढून आली की तिला बोलायला पाच मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात मी चहा ठेवायची. कधी विचारलं नाही, की ताई, तुला दम का लागतो? तिला वाईट वाटेल म्हणून. मला वाटायचं हीच माया.

ती गेली त्या आठवड्यात तिचा निळा झगा माझ्या मशीनवर होता. सैल करायला आलेला.

मग तुझे कॉस्च्युम शिवायला लागले. तिथेही तेच. तू माप पाठवायचीस, मी टेप पुढे सरकवायची. तू 'ऑपरेशन' लिहिलंस तेव्हा मला राग तुझा आला नाही. जे मी दोन पिढ्या तोंडातून काढलं नाही, ते तू एका पत्रात सरळ लिहिलंस. भीती वाटली की ताईसारखी तूही जाशील, आणि लाज वाटली. दोन्ही मिळून माझं 'नको' झालं. तू ऐकलं नाहीस ते बरं केलंस. तुझ्यात माझ्यापेक्षा जास्त धीर आहे.

आता दर महिन्याला मापं पाठव. छाती, कंबर, सीट, मांडी, दंड. आणि एक सांग, 'ढब्बू' म्हणत राहू की दुसरं काही शोधू?

मावशी


२० एप्रिल

ती. मावशीस,

पत्र मिळालं. आईला तुझ्याकडे यायला फार आवडायचं. कपडे घालून बघताना जिथे कुणी हसत नाही अशी तिला एकच जागा होती, तुझी खोली. हेही तुझ्या हिशेबात धर.

ढब्बूच म्हण. शाळेत म्हणायचे तेव्हा ती शिवी होती. तू म्हणतेस तेव्हा नसते.

ढब्बू


२ ऑगस्ट

ती. मावशीस,

तीन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. कामावर रुजू झाले आणि दिवस कसे गेले कळलं नाही.

छत्तीस किलो गेले! साखरेच्या गोळ्या बंद. नाकाचं यंत्र कपाटात गेलं. जिना एका दमात चढते. डॉक्टर माझे आकडे दुसऱ्या पेशंटना दाखवतात. केस मूठमूठ गळताहेत, पण ते परत येतात म्हणे. साधा बिस्किटाचा तुकडा जास्त झाला तरी घाम फुटून आडवं व्हायला होतं. सोबत फोटो पाठवतेय, माझ्या खोलीतला.

गंमत सांगू? मला तरंगता येईना! आधी मी पाण्यावर बुचासारखी पडून राहायचे. आता पाय खाली जातात. बावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, आता मीच रोज वर्ग सुरू व्हायच्या आधी येऊन हातपाय मारते.

मापं मागच्या पानावर आहेत. कॉस्च्युम शिवशील का? बाह्या मनगटापर्यंत हव्यात, पाय घोट्यापर्यंत, गळा बंद. रंग काळा. हल्ली थंडी फार वाजते.

वर्गात बाकी सगळे आहेत. फक्त ग्रंथालयातल्या बाई यायच्या बंद झाल्या. माझ्याएवढ्याच होत्या अंगाने, म्हणजे आधीच्या माझ्याएवढ्या. जानेवारीपासून यायच्या. काठावर बसून पाय पाण्यात सोडायच्या, पण आत उतरल्या नव्हत्या. मी जूनमध्ये परत आले, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि गेल्या. काही काम असेल.

ढब्बू


१४ ऑगस्ट

प्रिय ढब्बूस,

कंबर शेहेचाळीस? कुणाची?

फोटोत तू ज्या खुर्चीशेजारी उभी आहेस, त्या खुर्चीत मी दोन दिवस बसले होते. तिची पाठ अठरा इंच आहे. माझ्या डोळ्यांना मोतीबिंदू झालाय, पण तो मोतीबिंदू शिंपिणीचा आहे. तुझी कंबर चाळीसच्या वर असेल तर मी मशीन विकते. दंडाचं मापही गेल्या वर्षीचंच लिहिलंयस. तू टेप लावलाच नाहीस. आठवणीतून मापं लिहिलीस.

आणि थंडी? मागे तूच लिहिलं होतंस, तलावाचं पाणी बारा महिने कोमट असतं, आणि आतल्या वाफेने तुमच्या खिडक्या घामेजतात.

मी फोटोवरून शिवलाय. सांगितलास तसाच, बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा. सोबत पाठवते. पण खरं काय ते कळव. मी एकदा गप्प बसून चूक केली आहे, पुन्हा बसणार नाही.

मावशी


५ सप्टेंबर

ती. मावशीस,

कॉस्च्युम अगदी बरोबर बसला. त्याचीच भीती वाटली. घड्या मोडून हातात धरला तेव्हा वाटलं, मावशीची चूक झाली, हा कुणा दुसरीचा आहे. घातला तर सुरकुतीही नाही.

मी टेप लावला नाही, खरं आहे. लावला की आकडा दिसतो आणि मला तो खोटा वाटतो. अजून बसमध्ये दोन जागा मोकळ्या असतील तरच बसते. दारातून आडवी होऊन जाते. परवा दुकानाच्या काचेत एक बाई समोरून येताना दिसली, मी तिला वाट द्यायला बाजूला झाले. तीही झाली.

आणि कपड्यांच्या आत वेगळंच आहे. चरबी गेली, कातडी राहिली. दंडाखाली लोंबते, पोटावर पडद्यासारखी, मांड्यांवर सुरकुत्यांचे थर. आधी मी निदान घट्ट होते गं. लोकांना नावडणारी, पण भरलेली. आता आंघोळ करताना वर बघत राहते.

बाहेर मात्र सत्कार चाललाय. "ओळखलंच नाही!" म्हणतात, आणि ते खूश होऊन म्हणतात. बावीस वर्षं ज्या शरीराने मी त्यांना पाण्यात धरून ठेवलं, ते गेलं हे किती बरं झालं, असं मला तोंडावर सांगतात. मी 'थँक्यू' म्हणते. जणू कुणी माझ्या जुन्या मैत्रिणीला नावं ठेवतंय आणि मी मान डोलावतेय.

काल पुस्तक परत करायला ग्रंथालयात गेले. खोटं कशाला सांगू, पुस्तक निमित्त होतं. बाई काउंटरवर होत्या. मी विचारलं, "येत नाही हल्ली?"

त्यांनी शिक्का मारला. वर न बघता म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून आले होते. काचेतून बघितलं होतं तुम्हाला. एवढी बाई इतक्या लोकांसमोर पाण्यात उतरते आणि कुणी हसत नाही. वाटलं, आपल्यालाही जमेल. मग तुम्हीही गेलात पलीकडे."

"कुठे पलीकडे?"

"बारीक लोकांकडे," म्हणाल्या, आणि माझ्यामागच्या माणसाचं पुस्तक घेतलं.

मावशी, मी पलीकडे पोचलेच नाहीये. आणि अलीकडेही मला जागा नाही.

ढब्बू


१३ सप्टेंबर

प्रिय ढब्बूस,

तुझं पत्र वाचताना दोनदा मशीन थांबवलं, एकदा चष्मा पुसला.

कातडी कापायचंही एक ऑपरेशन असतं म्हणे. समोरच्या औषधवाल्याला विचारून आले. कधी करावंसं वाटलं तर मी पुन्हा खुर्चीत येऊन बसेन, या वेळी बोलेनही. नाही वाटलं तर नको.

त्या ग्रंथालयातल्या बाईंना काय हवं असेल ते मी सांगू शकत नाही. पण त्यांनी तुला सगळं तोंडावर सांगितलं. सत्कार करणाऱ्या पन्नास जणांपेक्षा मला ती एक बाई आवडली. तू त्यांना जाऊन, मला लिहिलंस तेवढं तरी सांग. मला लिहिताना तुला लाज वाटली असणार, तरी लिहिलंस. हाताला सवय झालीच आहे, तोंडालाही होईल.

बाह्यांचं तुझं तू बघ. कात्री तुझ्याकडे आहे.

मावशी


२१ ऑक्टोबर

ती. मावशीस,

रागावू नकोस, बाह्या कापल्या. पायही, मांडीपर्यंत. तुझ्या इतक्या सुबक शिवणीवर कात्री चालवायच्या आधी मनातल्या मनात तुझी माफी मागितली. टिपा मात्र नीट मारून घेतल्या आहेत, उसवणार नाहीत.

दर सोमवारी दुपारी तलाव लोकांसाठी बंद असतो, चारला उघडतो. ग्रंथालयातल्या बाईंना म्हटलं, "तीनला या. शिकवणार नाही. एक दाखवायचंय." त्या येतील असं वाटलं नव्हतं. आल्या. बाहेरचे कपडे, आत पोहायचे, पिशवी छातीशी धरलेली.

मी टॉवेल बाकावर ठेवला आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. मावशी, पन्नास फूट उंचीवरून उडी मारणं सोपं असेल. छताच्या काचांतून लख्ख ऊन येत होतं, झाकायला काही नव्हतं. मी हात वर केले. दंडाखालचं सगळं लोंबलं. मग मांड्या. मग कापडावरूनच पोट दोन हातांनी धरून उचलून दाखवलं, ते कसं येतं हातात ते.

म्हटलं, "तुम्ही म्हणालात मी पलीकडे गेले. हे बघा, मी कुठे आहे."

त्यांनी नजर वळवली नाही. माझ्याकडे इतक्या सरळ आजवर कुणी बघितलेलं नाही, डॉक्टरांनीसुद्धा नाही. बराच वेळ बघून विचारलं, "दुखतं?"

"नाही. गार पडतं."

"पस्तावलात?"

"नाही. मला जगायचं होतं. पण लोकांना वाटतं मला सुंदर व्हायचं होतं."

त्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मी नाही करणार हं ऑपरेशन."

"करा म्हणून कुणी बोलावलंय? मला तुमची मदत हवीय. मला तरंगता येत नाही. पाय खाली जातात. इथे छातीएवढंच पाणी आहे. कुणीतरी पाठीखाली हात धरला पाहिजे, आणि वर्गातल्यांना सांगायची मला लाज वाटते."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग माझा चेहरा बघितला. उठल्या, वरचे कपडे काढले, नीट घडी घालून पिशवीत ठेवले आणि शिडीच्या कड्या धरून एक एक पायरी उतरल्या. पाच महिने काठावर बसून जी बाई घोट्यापुढे भिजली नव्हती, ती माझ्यासाठी छातीपर्यंत पाण्यात आली. ओठ पांढरे पडले होते. दात वाजत होते, आणि ते थंडीने नव्हते. तरी हात पुढे करून म्हणाल्या, "कुठे धरू, सांगा."

मी आडवी झाले. त्यांचे तळवे माझ्या पाठीखाली. पाय लगेच बुडायला लागले. "अहो, जाताय खाली!" म्हणून त्यांनी मला अशी कवळली की पाणी आम्हा दोघींच्या नाकातोंडात गेलं. खोकलो. हसलो. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, छताला जाऊन आपटलं. पाच-सहा वेळा केलं. छाती वर कशी ठेवायची, हात डोक्यामागे कसे न्यायचे, ते मला त्यांच्या हातांवर सापडलं.

मग म्हटलं, "आता तुम्ही."

त्या 'नाही' म्हणाल्या नाहीत. डोळे मिटून मागे टेकल्या आणि मावशी, त्या तरंगल्या. पहिल्या फटक्यात! मी दोन बोटं लावली होती पाठीला, तीही काढून घेतली. त्यांना कळलंच नाही. एवढा मोठा सुंदर देह पाण्यावर असा पसरला होता की मला क्षणभर हेवा वाटला. मी अशी असायचे. मला कुणी दाखवलंच नव्हतं ते कसं दिसतं.

त्यांनी डोळे उघडले. "हात कधी काढलात?"

"मघाशीच."

त्यांना दचकायला हवं होतं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि तशाच पडून राहिल्या.

चार वाजले, दारं उघडली, वर्ग आत आला. टॉवेल बाकावर होता, माझ्यापासून वीस पावलांवर. मी पाण्याबाहेर आले आणि तशीच शिट्टी वाजवली. बघणाऱ्यांनी बघितलं. पोस्टमनने जरा जास्त वेळ बघितलं, मग म्हणाला, "आज कुठून सुरुवात करायची, मॅडम?"

खाली खरी मापं लिहिली आहेत. टेप लावून घेतलेली. दंडाचं दोनदा घेतलं, हात खाली असताना आणि वर असताना.

ढब्बू


३० ऑक्टोबर

प्रिय ढब्बूस,

मापं मिळाली. वहीत नव्या पानावर उतरवली.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग मशीनवर बसले तर काम होईना. तुझ्या आईला आणि मला मिळून जे जमलं नाही, ते तू उन्हात उभं राहून केलंस. मला तुझा अभिमान वाटतो, हे लिहायला मला सदुसष्ट वर्षं लागली, कारण आमच्यात असं बोलायची पद्धत नव्हती. त्या ग्रंथालयातल्या बाईंना माझा नमस्कार सांग. घाबरलेल्या माणसाने दुसऱ्याला आधी धरावं, हे सगळ्यांना जमत नाही.

काल एक बाई आली. शाळेत शिकवते, पस्तिशीची, अंगाने भरलेली. नेहमीचं गिऱ्हाईक. कापड काळं, कायमचं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पोट दिसणार नाही असं शिवा." गेली चाळीस वर्षं अशा बायकांना मी 'हो गं' म्हणते आणि टेप काढते.

काल टेप काढला नाही. म्हटलं, "आधी बस. कसं लपेल ते राहू दे. तुला काय घालायला आवडतं, ते सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं माझ्या बहिरेपणामुळे मलाच तिचं उत्तर ऐकू आलं नाही. पण ती बोललीच नव्हती. तिला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. बसली. कापडाच्या टोकाशी चाळा करत राहिली. मी चहा ठेवला, तो उकळला, गाळला, तिच्या पुढ्यात आणून दिला. तेव्हा कुठे म्हणाली, "पिवळा."

मी म्हटलं, "जोरात बोल, मला ऐकू येत नाही."

"पिवळा!" ती ओरडली. समोरच्या औषधवाल्याने दुकानातून डोकं बाहेर काढलं.

कापड आणायला आत्ता निघालेच आहे. वाटेत हे पत्र टाकते.

मावशी